ठिणगी जरा आधी पडली तर?

गाडी घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'अ‍ॅव्हरेज काय देते?' हाच प्रश्न मी सेस्ना १७२ या विमानाबद्दल विचारला. उत्तर आलं, तासाला साधारण ३० ते ३५ लिटर!

चार सीटचं हे चिमुकलं विमान १९५६ पासून विकलं जातंय. गंमत म्हणजे अशा बहुतेक विमानांच्या इंजिनात ठिणगी पाडायचं काम अजूनही मॅग्नेटो करतो. म्हणजे फिरतं चुंबक, कॉइल आणि पॉइंट. हो, तेच पॉइंट, जे माझे बाबा रविवारी स्कूटर उघडून पॉलिश पेपरने घासायचे!

मॅग्नेटोचं टायमिंग फिक्स असतं. अनेक लायकमिंग इंजिनांत पिस्टन वर पोचायच्या २५ अंश आधी ठिणगी पडते, कारण इंधन जळायला थोडा वेळ लागतो. हा आकडा टेकऑफच्या फुल पॉवरला इंजिन सांभाळून ठरवलेला. पण ८ हजार फुटांवर हवेचा दाब पाऊणच उरतो. विरळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणजे ठिणगी आणखी आधी हवी. मॅग्नेटोला हे कसं कळणार? मग थोडी ऊर्जा एक्झॉस्टमधून वाया जाते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन इंजिनाचा वेग आणि आत येणाऱ्या हवेचा दाब बघून टायमिंग मागे-पुढे करतं. उंचावर क्रूझ करताना इंधन वाचतं ते यामुळेच. मात्र फुल पॉवरला ठिणगी फार आधी पडली, तर इंजिनात नॉकिंग होऊन पिस्टनचीच वाट लागू शकते.

मग सगळेच मॅग्नेटो का काढत नाहीत? कारण त्याला बॅटरी लागत नाही. विमानातली वीज गेली तरी इंजिन फिरतंय तोवर ठिणगी पडते. शिवाय मॅग्नेटो दोन आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. हायवेवर गाडी साइडला घेता येते; आकाशात साइड कुठली?

म्हणून बरेच मालक एकच मॅग्नेटो बदलून दुसरा तसाच ठेवतात. मला हा हिशोब पटतो. रोटॅक्सने २०१२ मध्ये ९१२ आयएस हे इंजिन आणलं. त्यात इग्निशन पूर्ण इलेक्ट्रॉनिक, पण कंट्रोलची व्यवस्था दुहेरीच!

कधी अशा विमानात बसायचा चान्स मिळालाच, तर टेकऑफआधी कान देऊन ऐका. इंजिनाचा आवाज दोनदा किंचित खाली येईल. घाबरू नका, पायलट दोन्ही इग्निशन आळीपाळीने तपासतोय!