विश्लेषण : १०० सीसीवरून थेट ४०० सीसीवर? अधिक ताकदीची मोटारसायकल निवडताना काय पाहावे?

कॉलेजात असताना घेतलेली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, त्यानंतर नोकरी, आणि पगार जरा स्थिरावला की मनात येणारा पहिला विचार : आता जरा मोठी गाडी घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने या विचाराला आणखी बळ मिळाले. मात्र शोरूममध्ये चर्चा होते ती रंगाची, सायलेन्सरच्या आवाजाची आणि मासिक हप्त्याची. गाडीची ताकद दुप्पट-तिप्पट झाल्यावर ब्रेक, वजन, विमा आणि चालवणाऱ्याच्या सवयी यांचे काय होते, हा प्रश्न बहुतेक वेळा गाडी दारात आल्यावरच पडतो.

सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त?

नेहमीच नाही. सीसी हे इंजिनाच्या सिलिंडरमधील जागेचे माप आहे. त्या जागेतून किती ताकद काढायची, हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. रॉयल एन्फिल्डच्या ‘क्लासिक ३५०’चे इंजिन ३४९ सीसीचे असून ताकद सुमारे २० पीएस आहे. ‘केटीएम ३९० ड्यूक’चे इंजिन ३९९ सीसीचे, म्हणजे जेमतेम ५० सीसीने मोठे, पण ताकद सुमारे ४६ पीएस, म्हणजे दुपटीहून अधिक. ‘पल्सर एनएस २००’ तर १९९.५ सीसीतूनच सुमारे २४ पीएस देते.

त्यात वजनही धरावे लागते. ‘स्प्लेंडर प्लस’ सुमारे ११२ किलोची आणि ८ पीएसची आहे. म्हणजे वजनाच्या दर टनामागे साधारण ७१ पीएस. ‘पल्सर १५०’ (सुमारे १४ पीएस, १४८ किलो) दर टनामागे ९५ पीएसच्या आसपास येते, तर १९५ किलोची ‘क्लासिक ३५०’ जेमतेम १०५पर्यंत पोहोचते. ‘३९० ड्यूक’मध्ये हाच आकडा २७० पीएसच्या पुढे जातो. थोडक्यात, दीडशे सीसीवरून ‘क्लासिक’वर येणाऱ्याला गाडी जड आणि भारदस्त वाटेल, ‘ड्यूक’वर येणाऱ्याला ती हातातून सुटते आहे असे वाटेल. दोन्ही खरेदीला ‘मोठी गाडी’च म्हटले जाते.

पीएस आणि टॉर्क यांत फरक काय?

टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. पीएस म्हणजे तो जोर किती वेगाने मिळतो त्याचे माप. ‘क्लासिक ३५०’चा २७ न्यूटन-मीटर टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो. त्यामुळे डबल सीट, सामानासह घाट चढताना सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. उलट जास्त आरपीएमला ताकद देणारे इंजिन मोकळ्या रस्त्यावर जोरात पळते, पण शहरातल्या गर्दीत त्याला वारंवार खालचे गिअर लागतात. रोजचा प्रवास सिग्नल ते सिग्नल असेल, तर कमी आरपीएमवरचा टॉर्क कमाल पीएसच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

३५० सीसीची रेषा महत्त्वाची का?

या रेषेवर करही बदलतो आणि विमाही. ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आहे, तर त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. आधी या गाड्यांवर उपकरासह ३१ टक्के कर होता. करापूर्वीची किंमत १ लाख ८० हजार रुपये धरली, तर १८ टक्क्यांनी कर ३२,४०० रुपये आणि ४० टक्क्यांनी ७२,००० रुपये होतो. फरक ३९,६०० रुपयांचा. काही कंपन्यांनी वाढीव कराचा भार सुरुवातीला स्वतः उचलला, त्यामुळे प्रत्यक्ष किमती तपासूनच तुलना करावी.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तो ७५ ते १५० सीसीसाठी ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आणि ३५० सीसीच्या पुढे १५,११७ रुपये आहे, शिवाय त्यावर कर. महाराष्ट्रात एकरकमी वाहनकरही इंजिनाच्या क्षमतेनुसार वाढतो. त्यामुळे जाहिरातीतील एक्स-शोरूम आकड्यावर न जाता ऑन-रोड किमतीचे लेखी कोटेशन घेणेच योग्य.

महिन्याचा खर्च किती वाढतो?

समजा महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास आहे. लिटरला ६० किलोमीटर अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला सुमारे १७ लिटर पेट्रोल लागते. लिटरला २८ किलोमीटर देणाऱ्या गाडीला जवळपास ३६ लिटर लागते. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर फरक महिन्याला सुमारे दोन हजार रुपयांचा. कर्जाच्या हप्त्यात हा आकडा कुठेच दिसत नाही. रुंद टायर, चेन-स्पॉकेट, ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइल यांचा खर्चही वाढतो. ताकदवान गाडीचे मागचे टायर लवकर झिजते आणि महागही असते. जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर ८० किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक सर्व्हिसिंगला एक दिवसाची रजा जाते, हेही तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने लक्षात घ्यावे.

धोका नेमका कुठे वाढतो?

वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगात नीट ब्रेक मारल्यास गाडी थांबायला साधारण २० मीटर लागतात. ताशी ९० च्या वेगात तेच अंतर सुमारे ४५ मीटर होते. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर त्या सेकंदात आणखी अनुक्रमे १७ आणि २५ मीटर जातात. म्हणजे एकूण ३७ मीटरच्या जागी ७० मीटर. ओला रस्ता, वाळू, खड्डा असेल तर त्याहून अधिक.

शंभर सीसीच्या गाडीवर ताशी ९० चा वेग गाठायला वेळ लागतो. इंजिन थरथरते, आवाज वाढतो, चालवणाऱ्याला वेगाची जाणीव होते. ४० पीएसच्या गाडीवर तोच वेग काही सेकंदांत, कसलीही कुरकुर न होता येतो. जुन्या गाडीवर अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून ओव्हरटेक करण्याची सवय लागलेला हात नव्या गाडीवरही तसाच पिळतो. पहिल्या काही आठवड्यांतला मोठा धोका हाच असतो.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यात दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या त्यात ५० हजारांहून अधिक आहे. चालक आणि मागे बसलेले, दोघेही त्यात आले.

एवढी ताकद वापरायची कुठे?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांपैकी कुठेही दुचाकीला प्रवेश नाही. उरतात ते जुना मुंबई-पुणे महामार्ग, मुंबई-गोवा महामार्ग, आणि ताम्हिणी, वरंध, आंबोलीसारखे घाट. घाटात कामाला येतो तो टॉर्क, ब्रेक आणि टायरची पकड. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी महामार्गावरही दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर होती. ताशी १६० ची क्षमता असलेल्या गाडीचा अर्धा वेग कायद्याने वापरताच येत नाही.

परवाना तोच, मग तयारी कशी?

युरोपीय संघात मोटारसायकलचा परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. आधी १२५ सीसी व ११ किलोवॉटपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत, आणि मधल्या टप्प्यावर दोन वर्षे झाल्यावर किंवा ठरावीक वय गाठल्यावर कोणतीही गाडी. भारतात गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच. १०० सीसीच्या गाडीवर चाचणी दिलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी १००० सीसीची गाडी चालवू शकते. त्यामुळे हे टप्पे स्वतःच ठरवावे लागतात. शंभर-सव्वाशे सीसीवरून आधी १६० ते २५० सीसीची गाडी वर्षभर चालवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. ती चांगल्या स्थितीतली जुनी मिळाली, तर पैसेही कमी अडकतात.

निवड करताना काय तपासावे?

पहिले, उंची. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला नीट टेकायला हवेत. दोनशे किलोची गाडी चढावर, सिग्नलला, पार्किंगमध्ये पायांनीच सांभाळायची असते. दुसरे, ब्रेक. १२५ सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. पण काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी पावसाळ्यात अधिक भरवशाची. तिसरे, टेस्ट राइड. शोरूमसमोरची एक फेरी पुरेशी नाही. गर्दीत, खड्ड्यांत आणि घरचे माणूस मागे बसवून चालवून पाहावी. अनेक स्पोर्ट गाड्यांची मागची सीट इतकी अरुंद असते, की साडी नेसलेल्या आईला किंवा पत्नीला त्यावर बसताच येत नाही.

चौथे, अंदाजपत्रक. चांगले आयएसआय हेल्मेट, दुसरे हेल्मेट मागच्यासाठी, जॅकेट आणि हातमोजे यांचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत. ते धरल्यावर बजेट बसत नसेल, तर एक पायरी खालची गाडी घ्यावी. पाचवे, जुनी गाडी. ती विकल्यास नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करावी; आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. जुन्या विम्यावर जमा झालेला नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेतले, तर नव्या गाडीच्या विम्यात त्याची सूट मिळते.

आणि गाडी घरी आल्यावर? पहिले हजार किलोमीटर इंजिन रुळण्यासाठी जास्त आरपीएम टाळा, असे बहुतेक मॅन्युअल सांगते. हाच काळ चालवणाऱ्यालाही रुळण्यासाठी मिळतो. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या, सुरक्षित जागेत ताशी ३०-४० च्या वेगात पुढचा-मागचा ब्रेक एकत्र दाबून गाडी किती अंतरात थांबते आणि एबीएस चालू झाल्यावर लिव्हर कशी धडधडते, हे दहा-बारा वेळा पाहून घ्यावे. मागे कुणाला बसवायचे ते त्यानंतर.