आधार घेतला म्हणजे हक्क सोडला नाही

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावात म्हातारपण बहुधा घरातच जाते. त्यामुळे वृद्धाश्रम किंवा निवासी संस्था म्हटले की ‘आता त्यांचे सगळे संस्थाच बघणार’ असा समज होतो. बघणे आणि ठरवणे यांत मात्र फरक आहे.

स्वनिर्णय (स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतः ठरवणे) म्हणजे सगळी कामे आपल्या हाताने करणे नव्हे. शिंपी कपडे शिवतो, पण कापड कोणते आणि खिसे किती, हे आपणच सांगतो. अंघोळीला मदत लागणाऱ्या आजीचेही तसेच आहे. अंघोळ सकाळी की दुपारी, चहात साखर किती, हे तिने सांगायचे. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी न विचारता गाऊन घालणे, ही छोटी गोष्ट नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण खाट मिळाली म्हणून माणसाचे मत संपत नाही.

‘विसरभोळे झाले, त्यांना काय विचारायचे?’ हा प्रश्न नेहमी येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यावर मर्यादित पालकत्वाची (ठरावीक निर्णयापुरत्या व ठरावीक काळापुरत्या आधाराची) वाट दिली. त्यातही पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेनुसारच वागायचे असते. पैशांचा हिशेब न जमणाऱ्या आजोबांनाही भाकरी हवी की पोळी, हे नेमके सांगता येते.