रक्सौल : थांबलेल्या मालावर जगणारें गांव

भारतांतून काठमांडूकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरील शेवटचें गांव म्हणजे बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यांतील रक्सौल. समोरच नेपाळचें वीरगंज. मध्यें एक लहानशी नदी आणि तिच्यावर पूल. दोन्ही गांवांची बोली भोजपुरी. एकीकडची लेक दुसरीकडे सून म्हणून नांदते, आणि पलीकडे बाजारहाट करावयास भारतीय वा नेपाळी माणसाला पारपत्र लागत नाहीं. माणसाला ही सीमा केवळ उंबरठ्याएवढी. मालाला मात्र ती थांबविते. या भेदांतच रक्सौलच्या भरभराटीचें मूळ आहे.

नेपाळला समुद्रकिनारा नाहीं. परदेशचा माल त्याला मुख्यतः कोलकात्याच्या बंदरांतून, सुमारें 700 किलोमीटर भारतभूमि ओलांडून आणावा लागतो. भारताची जकात न भरतां हा माल मोहोरबंद होऊन निघतो. सीमेवर मोहोर शाबूत आहे कीं नाहीं हें पाहिलें जातें, कागदपत्रें तपासलीं जातात, आणि पलीकडे नेपाळी अधिकारी आपली जकात वसूल करतात. खुद्द भारतांतून जाणाऱ्या धान्यालाहि आणि लोखंडालाहि या नाक्यांवर थांबावें लागतें. या थांबण्यावर हमाल, वखारवाले, दलाल, मालमोटारींचे चालक आणि त्यांना जेवूं घालणारे खाणावळवाले, अशा सर्वांचा चरितार्थ चालत आला आहे.

पूर्वीं हा थांबा याहूनहि मोठा असे. 1927 सालीं नेपाळच्या राणा सरकारनें रक्सौलपासून अमलेखगंजपर्यंत 39 किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू केला. परंतु त्याच्या रुळांची रुंदी अडीच फूट, तर भारतीय बाजूची एक मीटर. त्यामुळें प्रत्येक पोतें एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावें लागे. अमलेखगंजच्या पुढें भीमफेदीपर्यंत मोटारीची वाट, आणि तेथून डोंगर चढावयाचा तो हमालाच्या पाठीवरून. काठमांडूच्या श्रीमंतांच्या मोटारीदेखील माणसांच्या खांद्यांवरूनच डोंगरापार गेल्या! पुढें 1956 सालीं भारताच्या साहाय्यानें त्रिभुवन राजपथ पुरा झाला, आणि 1965 सालीं ती छोटी आगगाडी बंद पडली.

हा उंबरठा अजिबात बंद झाला म्हणजे काय होतें, हें 2015 सालीं दिसलें. एप्रिलमधील भूकंपाच्या जखमा ताज्या असतांच 20 सप्टेंबर रोजीं नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. तींत आपल्यावर अन्याय झाला, असें म्हणत तराईंतील मधेशी पक्षांचे कार्यकर्ते पुलावर ठाण मांडून बसले. मालमोटारींच्या रांगा लागल्या. काठमांडूंत पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधें दुर्मिळ झालीं. पुष्कळ घरांत पुन्हां लाकडाच्या चुली पेटल्या. भारतानेंच नाकेबंदी केली, असा नेपाळ सरकारचा आरोप. नेपाळांतील अशांततेमुळें वाहनें थांबलीं, असें भारताचें म्हणणें. वाद राजधान्यांत चालला, पण बाजार बसला तो रक्सौल-वीरगंजचा. अखेर फेब्रुवारी 2016 मध्यें सीमेवरील व्यापारी व रहिवासी यांनींच पुढें होऊन पुलावरील अडसर हटविला.

दोन्ही सरकारांचा कल आतां थांबे कमी करण्याकडे आहे. वीरगंजजवळ 2004 सालीं कोरडें बंदर सुरू झालें. तेथें भारतीय मालगाड्या रूळ न बदलतां जातात. भारताच्या बाजूस 2016 सालीं आणि नेपाळच्या बाजूस 2018 सालीं एकत्रित तपासणी-नाके झाले. 2019 सालीं मोतीहारी ते अमलेखगंज असा 69 किलोमीटरांचा तेलाचा नळ सुरू झाला. पूर्वीं टँकरांच्या रांगांतून जाणारें इंधन आतां भूमीखालून वाहूं लागलें. काठमांडूच्या गृहिणीला हें सोयीचेंच आहे. रक्सौलच्या हमालाला मात्र माल थबकला तरच मजुरी, आणि तो अडून बसला तर उपास. वाटेंतील प्रत्येक सुधारणेबरोबर थबकण्याची ती वेळ घटत चालली आहे. तिच्यावर पोसलेल्या घरांना दुसरें काम कोठें मिळणार, हा प्रश्न कोणत्याच नाक्यावर तपासला जात नाहीं.