बघ्यांच्या हातातली किल्ली



नाशिकमधील एका शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. जुलै महिना आहे. गोदावरीला पाणी चढले आहे आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत ते पोचले का, याचीच चर्चा सकाळपासून वर्गात चालू आहे. मधल्या सुट्टीची घंटा होते. नववीत नुकताच दाखल झालेला एक मुलगा सायकल स्टँडजवळ डबा उघडून बसतो. वडिलांना सातपूरच्या कारखान्यात काम मिळाले म्हणून हे कुटुंब सटाण्याकडून शहरात आले. त्याची घरची बोली अहिराणी. एकदा घाईघाईत त्याच्या तोंडून "काय करी ऱ्हायना?" असे निघून गेले आणि त्या दिवसापासून वर्गात तेच त्याचे नाव झाले.

आज दोन मुले त्याच्यासमोर उभी आहेत. एक त्याच्या बोलण्याची नक्कल करतो. दुसरा डब्याचे झाकण पायाने उडवतो. भोवती पंधरा-वीस मुलामुलींचे कोंडाळे जमते. काही हसतात. बरेचजण नुसते बघतात. थोड्या वेळाने घंटा होते आणि सगळे वर्गात जातात. डबा तसाच राहतो.

आता एका प्रश्नाचे उत्तर द्या. या प्रसंगात किती जणांचा भाग होता? तुम्ही म्हणाल, तिघांचा. छळणारे दोन आणि सोसणारा एक. शास्त्रज्ञांचे उत्तर मात्र वेगळे आहे. ते म्हणतात, तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा भाग होता. इतकेच नव्हे, तर हा प्रसंग थांबवण्याची किल्ली त्या बघ्यांच्याच हातात होती.

मैदानावरचा कॅमेरा

कॅनडातील टोरांटो शहरात डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर मुले कशी वागतात याचे दुरून चित्रण केले. मुलांजवळ छोटे मायक्रोफोन होते, त्यामुळे बोलणेही ऐकू येत होते. नंतर चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून त्यांनी दांडगाईचा प्रत्येक प्रसंग टिपला. त्यांचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

दर शंभर प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत इतर मुले जवळपास हजर होती. म्हणजे दांडगाई एकांतात क्वचितच होते. तिला प्रेक्षक लागतात. पण कोणीतरी मध्ये पडले असे प्रसंग शंभरात फक्त १९ होते. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. मुलांनी मध्ये पडण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतील ५७ टक्के प्रयत्नांत दांडगाई १० सेकंदांच्या आत थांबली!

दहा सेकंद म्हणजे किती? बुटाची नाडी बांधायलाही याहून जास्त वेळ लागतो.

फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिव्हॅली यांनी १९९६ साली अशा कोंडाळ्यातील मुलांच्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या. पुढाकार घेणारा दांडगा, त्याला हात देणारे साथीदार, हसून चढवणारे, बाजूला राहणारे आणि सोसणाऱ्याची पाठराखण करणारे. हसणारा स्वतः कोणाला हात लावत नाही, हे खरे. पण त्याचे हसणे म्हणजे दांडग्याला मिळालेली टाळीच असते.

सगळे गप्प का?

मग प्रश्न असा, की मध्ये पडणे इतके उपयोगी असताना मुले गप्प का राहतात? ती दुष्ट असतात का? मुळीच नाही.

१९६८ साली बिब लाटाने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवले. थोड्या वेळाने भिंतीतील झरोक्यातून धूर येऊ लागला. खोलीत एकटा असलेल्या दर चौघांपैकी तिघांनी बाहेर जाऊन वर्दी दिली. मग त्यांनी खोलीत आणखी दोन माणसे बसवली. त्यांना आधीच सांगून ठेवले होते, की धुराकडे बघायचे आणि काही न झाल्यासारखे लिहीत राहायचे. आता दहांपैकी फक्त एकाने वर्दी दिली! बाकीचे डोळे चोळत, खोकत, प्रश्नावली भरत बसले.

असे का झाले? प्रत्येकाने शेजाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहरे शांत होते. त्यावरून त्याने ठरवले, की घाबरण्यासारखे काही नसावे.

नाशिककर पुराचा अंदाज घ्यायला दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी गुडघ्याला आहे की छातीला, हे मारुती खरे सांगतो. प्रसंग किती गंभीर आहे हे ठरवायला आपण तसेच एकमेकांच्या चेहऱ्यांकडे बघतो. पण चेहरे खरे माप सांगतीलच असे नाही. सायकल स्टँडजवळच्या वीस जणांपैकी पंधरा जणांना मनातून वाईट वाटत असेल. पण प्रत्येकाला इतर चौदा जण शांत दिसतात, आणि तो समजतो, की वाईट फक्त मलाच वाटते आहे. या सामूहिक गैरसमजावर दांडगाई जगते.

एकाने जरी "ए, बस झालं आता" असे म्हटले, तरी हा गैरसमज फुटतो. दहा सेकंदांचे रहस्य बहुधा हेच असावे.

ताई-दादांची योजना

मग हा पहिला शब्द उच्चारणार कोण? शिक्षक प्रत्येक कोपऱ्यात उभे राहू शकत नाहीत. शिवाय ते आले की कोंडाळे पांगते आणि गेले की पुन्हा जमते. म्हणून अनेक देशांत विद्यार्थ्यांनाच या कामासाठी तयार करण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेतील बोस्टन येथे नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९९३ साली जॅक्सन कॅट्झ यांनी असा एक कार्यक्रम आखला. पुढे तो स्कॉटलंडच्या शाळांत पोचला. तेथे वरच्या वर्गांतील मुलेमुली प्रशिक्षण घेतात आणि खालच्या वर्गांत जाऊन चर्चा घेतात. त्यांना आपण विद्यार्थी-मार्गदर्शक म्हणू, किंवा सरळ ताई-दादा.

याचा खरोखर उपयोग होतो का? एलिझाबेथ पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ५६ शाळा आणि २४ हजारांवर विद्यार्थी घेऊन हे तपासले. त्यांचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने काही शाळा निवडल्या आणि त्या प्रत्येक शाळेत २० ते ३२ मुलांचा गट तयार केला. या मुलांनी आपल्या शाळेत भांडणे कशावरून होतात हे स्वतः शोधले, स्वतः फलक रंगवले, आणि कोणी भांडण मिटवताना दिसले की त्याच्या मनगटावर नारिंगी पट्टा बांधला. वर्षभरात या शाळांतील भांडणाच्या नोंदी इतर शाळांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या.

ज्या गटांत इतर मुलांचे लक्ष ज्यांच्याकडे असते अशी मुले जास्त होती, तेथे परिणामही जास्त दिसला. अशी मुले पहिल्या बाकावरचीच असतील असे नाही. कबड्डीत सगळ्यांना हवा असलेला गडी किंवा शेवटच्या बाकावरून सगळ्यांना हसवणारी मुलगीसुद्धा त्यांत असू शकते.

आपल्याकडे काय झाले?

आपल्या महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. २००८ ते २०१० या काळात मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'जेम्स' नावाचा कार्यक्रम झाला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी तो आखला होता. खेळ, छोटी नाटुकली आणि गप्पा यांतून मुलगा-मुलगी समानता, राग आणि मारहाण यांवर मुले बोलू लागली. जेथे वर्गात अशी सत्रे झाली तेथे मुलांची मते चांगलीच बदलली. वागण्यातला बदल मात्र तितका सरळ नव्हता.

मुंबईतच 'परिवर्तन' या कार्यक्रमात शालेय क्रिकेट संघांच्या प्रशिक्षकांनी १० ते १६ वर्षांच्या खेळाडूंशी मुलींचा आदर आणि हिंसा यांवर नियमित बोलणे ठेवले. वर्षभरानंतर येथेही हेच दिसले. मते सुधारली, पण प्रत्यक्ष प्रसंगी मध्ये पडण्याचे प्रमाण फारसे वाढले नाही. यावरून आपण काय शिकायचे? पोहण्यावरचे पुस्तक वाचून पोहता येत नाही. योग्य मत असणे आणि योग्य वेळी तोंडातून शब्द निघणे, यांत सरावाचे अंतर आहे.

गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत एक प्रयोग केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत या कामासाठी खास प्रशिक्षित माणूस नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिले. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट अशा साध्या साधनांनी पहिल्या प्रकारच्या शाळांत दांडगाई आणि मारहाण कमी झाली, मुलांची उदासीनताही घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र असा फरक आढळला नाही. शिक्षक कमी पडतात असा याचा अर्थ नव्हे. परीक्षा आणि गुण ज्यांच्या हाती असतात त्यांच्याशी मोकळे बोलणे मुलांना अवघड जात असेल, आणि शिक्षकांच्या डोक्यावर कामे तरी किती!

पाच वाटा

ताई-दादा नेमके काय शिकतात? प्रत्येक वेळी छाती पुढे काढून भांडणात उडी मारायची नसते. वाटा पाच आहेत.

१. विषय बदलणे. "अरे, तुला सर बोलावताहेत, चल" एवढ्या वाक्याने सोसणाऱ्याची सुटका होते.

२. शेजारी जाऊन उभे राहणे. एक शब्दही न बोलता.

३. न हसणे आणि निघून जाणे. प्रेक्षक उठले की खेळ संपतो.

४. शांतपणे, नाव घेऊन सांगणे. "हे बरं नाही, सोड त्याला."

५. मोठ्यांना बोलावणे. मारामारी जुंपली असेल किंवा हातात दगड, पट्टा, चाकू असेल, तर हीच एकमेव वाट.

आणि प्रसंग संपल्यावर सोसणाऱ्याला "तू ठीक आहेस ना? चल, माझ्या डब्यात जेव" असे म्हणणे या पाचही वाटांना लागू आहे.

मोठ्यांना सांगणे ही चहाडी नव्हे का? हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना अडवतो. फरक सोपा आहे. कोणाला अडकवण्यासाठी सांगतो ती चहाडी. कोणाला सोडवण्यासाठी सांगतो ती मदत.

ताई-दादा पोलीस नाहीत, डॉक्टरही नाहीत. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, कोणी नको तेथे स्पर्श केला, कोणाला घरी किंवा शाळेत मारहाण होते असे कळले, तर "कुणाला सांगू नकोस" हे वचन पाळायचे नसते. विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक पाठ असू द्या. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यांवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

मैत्रीची कसोटी

हिंसा नेहमी हाताने होते असे नाही. "माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही", "फोनचा पासवर्ड दे, नाहीतर मैत्री तुटली", "तुझा फोटो सगळ्यांना पाठवीन" ही वाक्ये तुम्ही ऐकली असतील. मुलगी नको म्हणाली तरी रोज क्लासपर्यंत मागे सायकल नेणे, याला सिनेमात प्रेम म्हणतात. खऱ्या आयुष्यात तो छळ आहे. मैत्री निकोप आहे का, हे ओळखायची एक कसोटी सांगतो: त्या मित्राला किंवा मैत्रिणीला तुम्ही न घाबरता 'नाही' म्हणू शकता का? आणि तुम्हाला कोणी 'नाही' म्हटले, तर ते तुम्ही ऐकता का?

करून पहा

वर्गशिक्षकांच्या परवानगीने हा प्रयोग करा. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या. नाव लिहायचे नाही. दोन उत्तरे लिहायची.

१. एखाद्याची सर्वांसमोर टवाळी होते तेव्हा मला वाईट वाटते. (होय/नाही)

२. माझ्या वर्गातील दर दहा मुलांपैकी किती जणांना वाईट वाटत असेल? (आकडा)

चिठ्ठ्या गोळा करून पहिल्या प्रश्नाचे खरे प्रमाण काढा. मग दुसऱ्या प्रश्नाच्या आकड्यांची सरासरी काढा. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. खरे प्रमाण अंदाजापेक्षा जास्त निघाले, तर तुमच्या वर्गातला धूर तुम्हाला दिसला असे समजा.

शिक्षकांना एक विनंती. ताई-दादा निवडताना मुलांनाच विचारा, "अडचण आली तर तुम्ही कुणाकडे जाल?" सरावासाठी दर आठवड्याला एक तास द्या आणि आलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले ते मुलांना कळवा. सांगून काही होत नाही असे मुलांना एकदा वाटले, की ती पुन्हा सांगत नाहीत. महाराष्ट्रात २०२२ साली शाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय झाला. आपल्या शाळेतील समितीत कोण आहे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक हवे.

आता पुन्हा सायकल स्टँडजवळ चला. तोच मुलगा, तोच डबा, तेच कोंडाळे. तुम्ही त्या वीस जणांत आहात. तुम्हाला वाईट वाटते आहे, आणि शेजारच्यालाही वाटते आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. तेव्हा त्या मुलाजवळ जा, खाली बसा, डबा सरळ करा आणि विचारा, "काय करी ऱ्हायना?"

पण या वेळी त्याच्या बोलीची टवाळी म्हणून नव्हे. मित्र मित्राला विचारतो तसे.