होडीला इंजिन बसवताय? आधी वजन करा, मग एचपी विचारा



देवळाली प्रवरेपासून मुळा धरणाच्या फुगवट्यापर्यंत फिरताना एक प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा विचारला जातो. कुणाचं शेत पाण्यापलीकडे आहे, कुणी मासेमारी करतो, कुणाला चारा अलीकडे आणायचा आहे. वल्ही मारून खांदे भरून येतात. मग विचारतात, "साहेब, होडीला इंजिन किती एचपीचं घेऊ?" जोडीला शेजाऱ्याचा सल्ला असतोच: घ्यायचं तर मोठंच घ्या! हा सल्ला खिशाला महाग पडतो. कसा, ते पाहू.

मोठं इंजिन कुठे वाया जातं

भार वाहणारी होडी पाणी बाजूला सारत चालते. वेग वाढला की तिच्याच पुढे लाट उठते. एका मर्यादेनंतर होडी आपल्याच लाटेवर चढू पाहते, आणि पुढची सगळी ताकद लाटा उठवण्यात जाते. सोळा फुटी होडीची ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर. चढणीला भरलेली बैलगाडी लावून चाबूक मारावा, तशातली ही गत.

आता हिशेब करा. होडी २५० किलो, तीन माणसं २०० किलो, चारा किंवा गोण्या ३५० किलो. एकूण ८०० किलो. संथ पाण्यात एवढ्या भाराला ५ एचपी पुरते आणि होडी ताशी ८ किलोमीटर चालते. जाऊन-येऊन ८ किलोमीटरची फेरी असेल, तर एक तास लागेल. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर एचपीमागे तासाला साधारण ०.३ लिटर पितं, म्हणजे दीड लिटर. तीच फेरी १० एचपीने पूर्ण जोरात केली, तर ४८ मिनिटं आणि सुमारे २.४ लिटर. बारा मिनिटांसाठी जवळजवळ एक लिटर जादा! वर्षाला २०० फेऱ्या धरा, १८० लिटर पेट्रोल पाण्यात गेलं.

कोणतं घ्यावं

१) लांब दांड्याचं इंजिन : लहान पंपावर असतं तसं हवेने थंड होणारं ५-६ एचपीचं पेट्रोल इंजिन, त्याला लांब नळी आणि टोकाला पंखा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, बाभळीचे बुडखे आणि जाळी वर येतात; तेव्हा पंखा झटकन उचलता येतो. दुरुस्ती पंपाच्या मिस्त्रीकडे होते. लहान शेतकऱ्याला हेच सर्वांत परवडतं. दोष दोन : आवाज फार, आणि बहुतेकांत इंजिन सुरू होताच पंखा फिरतो. म्हणून पंखा पाण्याबाहेर आणि माणसं लांब ठेवूनच दोरी ओढा.

२) मागच्या फळीवर टांगायचं तयार इंजिन : चालवायला सोपं, पंखा थांबवून इंजिन चालू ठेवता येतं. किंमत जास्त, आणि सुटे भाग गावात मिळत नाहीत. जुनं दोन-स्ट्रोक स्वस्तात मिळालं तरी ते तेल जास्त पितं, आणि जळालेलं तेल पाण्यात सोडतं. अहिल्यानगर शहर मुळा धरणाचंच पाणी पितं, हे विसरू नका.

३) विहिरीवरचं डिझेल इंजिन : "घरात पडलंय, तेच बसवू" असं पुष्कळजण म्हणतात. जड चाकाचं लिस्टर जातीचं इंजिन तीनशे किलोच्या वर भरतं, म्हणजे होडीपेक्षाही जड. लहान होडीत ते घालू नका. हलकं डिझेल इंजिन मात्र रोज पाच-सहा तास चालणाऱ्या मोठ्या होडीला परवडतं.

४) बॅटरीची मोटर : १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी. त्यावर ५०० वॅटची मोटर तास-सव्वा तास चालते. काठाजवळ जाळी पाहायला ठीक, भारासाठी नाही.

वाचलेले पैसे कुठे घालाल?

पहिल्यांदा लाइफ जॅकेट, माणशी एक, आणि तेही अंगात. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळात उलटली आणि सहाजण बुडाले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, आपल्याच जिल्ह्यात सुगावजवळ प्रवरेत राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटून तीन जवान गेले. पट्टीच्या माणसांचीही पाणी गय करत नाही. कितीही एचपी असो, वळवाचं आभाळ भरलं किंवा नदीला जोराचं पाणी सुटलं, की होडी काठालाच बांधून ठेवा.

एवढं ध्यानात ठेवा

• इंजिन मागे बसलं की होडीचा मागचा भाग दबतो. भार पुढे सरकवून होडी सपाट करा.
• पेट्रोल काठावरच, इंजिन बंद करून भरा. बिडी-काडी दूर.
• वल्ही नेहमी होडीत ठेवा. इंजिन बंद पडायला वेळ-काळ लागत नाही.
• इंजिन बसवलेल्या होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. नोंदणीची आणि धरणाच्या पाण्यात होडी घालण्याच्या परवानगीची चौकशी खरेदीआधी करा.

रोज एकच फेरी असेल, तर दोघा-तिघांत मिळून एक इंजिन घ्या. काठावर उभं राहून ते तासभर भारासह चालवून पाहा, आणि मगच पैसे मोजा.