कांद्याच्या मुळातली वाटणी

एका पेशीच्या दोन कशा होतात हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पाण्याने भरलेल्या पेल्यावर छोटा कांदा बूड टेकेल असा ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात वर्षानुवर्षे कांदाच वापरतात, कारण त्याच्या पेशीत गुणसूत्रे फक्त १६ आणि तीही ठसठशीत. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. पण एकूण डीएनए पाहिला, तर कांद्याचा माणसाच्या जवळजवळ पाचपट भरतो.

टोकाचे दोन मिलिमीटर

मुळात सगळीकडे विभाजन चालत नाही. ते चालते टोकाजवळच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. ॲसिटोकार्माइनमध्ये मूळ रंगवले की एवढा भाग गडद होतो, मागचा फिका राहतो. गडद तुकडा काचपट्टीवर घ्यायचा, वर आच्छादन काच, त्यावर टीपकागद, आणि अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर गुंडाळतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

मागच्या पेशी दुभंगत नाहीत, त्या पाणी शोषून लांब होतात. मूळ जमिनीत पुढे सरकते ते मुख्यतः या लांबण्यामुळे.

आधी तयारी

सूक्ष्मदर्शकातून पाहिले की बहुतेक पेशींत नुसते गोल केंद्रक दिसते. मुले ‘इथे काही नाही’ म्हणून काचपट्टी पुढे सरकवतात. मला वाटते, खरे थांबायला हवे ते इथेच. याच शांत दिसणाऱ्या पेशी आकाराने वाढत असतात आणि आपल्या डीएनएची अथपासून इतिपर्यंत नक्कल करत असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचे एक चक्र साधारण २४ तासांचे असते. त्यात प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचे, बाकी सगळी तयारी. हे चक्र पुढे ढकलणारी आणि रोखणारी प्रथिने शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल मिळाले.

वाटणीचा क्षण

नक्कल पूर्ण झाली की सैल डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि गुणसूत्रे दिसू लागतात. वाल्थर फ्लेमिंगने सॅलमँडरच्या अळ्यांमध्ये हे धागे रंगवून पाहिले आणि १८८२ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन छापले. आता प्रत्येक गुणसूत्र जुळे असते, दोन सारख्या प्रती मध्ये चिकटलेल्या. पेशीच्या दोन्ही टोकांकडून आलेले तर्कुतंतू त्यांना धरतात आणि सोळाही गुणसूत्रे मधोमध एका ओळीत येतात.

इथे पेशी थांबते. एक जरी गुणसूत्र दोन्ही बाजूंनी धरले गेले नसेल, तरी सहसा वाटणी सुरू होत नाही. सगळी धरली गेली की जोड सुटतो आणि प्रती विरुद्ध टोकांना खेचल्या जातात: १६ इकडे, १६ तिकडे. मग कांद्याच्या पेशीत मध्यापासून कडेकडे नवी भिंत उभी राहते. प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते, ती कमरेत आवळली जाऊन तुटते.

परागकण आणि अंडपेशी तयार होण्यासाठी मात्र अर्धगुणसूत्री विभाजन होते. त्यात ८ गुणसूत्रे उतरतात, म्हणजे फलनानंतर पुन्हा १६. माणसात ही वाटणी चुकून २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आली, तर बाळाला डाऊन सिंड्रोम होतो.

कळलावी आणि सदाफुली

सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळी फुलणारी कळलावी आणि दारातली सदाफुली, या दोघींचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. कळलावीतले कोल्चिसिन तर्कुतंतू जुळू देत नाही. त्यात ठेवलेल्या मुळाच्या पेशीत प्रती सुट्या होतात, पण खेचायला कोणी नसते, आणि एकाच पेशीत ३२ गुणसूत्रे साठतात. सदाफुलीपासून मिळणारे विनक्रिस्टिनही हेच तंतू अडवते. भराभर दुभंगणाऱ्या पेशी त्यामुळे अडकून मरतात, म्हणून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते औषध वापरतात.

कांद्याचा प्रयोग घरी जरूर मांडा, मुलांना दाखवा. कळलावीच्या कंदाला मात्र हात लावू देऊ नका. कांद्याच्या मुळाला लागते त्याहून कितीतरी कमी कोल्चिसिन माणसाच्या पेशींना पुरते, आणि तो कंद खाऊन माणसे दगावली आहेत.