रेसकोर्सवर बुकीकडे काम करता? आधी परवाना पाहा

घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी बुकीकडे पैजा लिहून घेणे, पैसे मोजणे, हिशोब ठेवणे हे काम अनेक जण रोजंदारीवर करतात. हे काम कायदेशीर आहे की गुन्हा, हे परवान्यावर ठरते. पैज व जुगार हा विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्याने नियम राज्यागणिक बदलतात. परवान्याची खालील माहिती महाराष्ट्राची आहे.

परवाना कोण देतो?

१९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्यानुसार राज्य शासन रेसकोर्सला परवाना देते. मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे येथील रेसकोर्स रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. शासनाच्या अटींना धरून क्लब पुढे बुकीला परवाना देतो.

पैज कायदेशीर केव्हा?

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ नुसार या सर्व अटी पाळल्या पाहिजेत:

• पैज शर्यतीच्याच दिवशी लावलेली असावी.
• ती रेसकोर्सवरील राखीव आवारात किंवा शासनाने मान्यता दिलेल्या जागी लागावी.
• पैज लावणारा स्वतः तेथे हजर असावा.
• पैज घेणारा परवानाधारक असावा.

तुमचा संबंध काय?

बेकायदा अड्डा चालवणाऱ्या मालकाबरोबरच त्याच्या कामात कोणत्याही प्रकारे मदत करणाराही या कायद्याच्या कलम ४ खाली दोषी ठरतो. त्यासाठी कैदेची शिक्षा आहे. "मी फक्त वही लिहीत होतो" असे सांगून सुटका होत नाही. बुकीने खोलीवर बसून फोनवर पैजा घ्यायला सांगितले, तर नकार द्या. त्याच्याकडे रेसकोर्सचा परवाना असला, तरी त्या कामाला तो लागू होत नाही.

काम घेण्यापूर्वी

१. बुकीचा परवाना चालू आहे का, हे क्लबच्या कार्यालयात विचारा.
२. तुमच्या नावाची नोंद किंवा पास लागतो का, तेही तेथेच विचारा.
३. मजुरी बँक खात्यात किंवा पावती घेऊन स्वीकारा.
४. एका व्यवहारात जिंकलेली रक्कम १०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ३० टक्के आयकर कापूनच पैसे द्यावे लागतात. ही कपात हिशोबात दाखवा.

सामाजिक सुरक्षा

रेस क्लबांना राज्य कामगार विमा (ईएसआय) कायदा लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. क्लबमध्ये नोकरी असेल आणि मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर विमा क्रमांक मागून घ्या. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के वजा होतात, मालक ३.२५ टक्के भरतो. तुम्ही बुकीकडे रोजंदारीवर असाल, ईएसआय किंवा भविष्य निर्वाह निधीचे सदस्य नसाल, आयकर भरत नसाल आणि वय १६ ते ५९ असेल, तर ई-श्रम पोर्टलवर मोफत नोंदणी करा. आधार क्रमांक, आधारशी जोडलेला मोबाइल आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा.

बंगळूरू, म्हैसूर, हैदराबाद किंवा कोलकाता येथे काम करत असाल, तर परवान्याचे नियम तेथील क्लबच्या कार्यालयात विचारून घ्या. ईएसआय, ई-श्रम आणि आयकराचे नियम मात्र देशभर सारखेच आहेत.